उद्या जेवायला किती

मंगळवार, ९ जून
लाँड्री, दुपार

प्रिय बारक्या,

ताईचे भरपूर आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. आशीर्वाद मी मोठी म्हणून, आणि धपाटा चार महिन्यांत एकच कार्ड धाडल्याबद्दल. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा आणि बाबांची जीभ दोन्ही चालू आहेत, गुडघा जरा कमी, जीभ जरा जास्त. तू बराच असशील. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला आजारी पडायला लांब जावं लागत नाही, एवढा तरी फायदा आहे.

पत्रास कारण तुझं कार्डच. तीन आठवडे झाले, ते इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर उभं आहे. "गाणं ऐकलं. चांगलं आहे. कोणी लिहिलं?" बस्स. ना वर मायना, ना खाली सही. या प्रश्नाचं उत्तर मी आज, याच पत्रात देणार आहे. त्यानंतर मला बहीण म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण सरळ मुद्द्यावर येईन तर ती मी कसली! तेव्हा जरा दम धर.

आधी दुकानाचं. मोठी मशीन अजून तीच आहे. तिच्या एका पायाखाली बाबांनी दुमडलेला पुठ्ठा घातलाय, तरी पाणी पिळायला लागली की ती नाचत नाचत हातभर पुढे येते. धड-धड-धडाड, धड-धड-धडाड. मेकॅनिक म्हणतो बदला, बाबा म्हणतात, "तुला बदलतो." गाण्याचा ताल या मशीनवरूनच घेतलाय हे तुला कानानं कळलंच असेल. लहानपणी तू तिच्यावर बसून दूध प्यायचास आणि अर्धं अंगावर सांडायचास.

आमचा बँड अजून तिघांचाच. मास्तरीणबाई गातात आणि बेस गिटार वाजवतात. सकाळी शाळेत भूगोल, संध्याकाळी आमच्याकडे आरडाओरडा. अजूनही चुकीचा सूर लागला की छडी शोधतात. घड्याळजी गिटारवर. साऱ्या गावाची घड्याळं दुरुस्त करतो आणि तालमीला रोज अर्धा तास उशिरा येतो. आणि ड्रमवर मी. दुकान बंद झालं की कपड्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये आमची तालीम. आवाज त्या ढिगाऱ्यांत मुरतो, म्हणून शेजाऱ्यांनी अजून आमच्यावर केस केलेली नाही. बाबा या सगळ्याला "भांडी आपटणं" म्हणतात, पण तालमीच्या वेळी बरोबर तिथेच काहीतरी मोजत बसतात.

आता गाण्याचं.

तू लढाईच्या दुसऱ्या वर्षी चार दिवसांच्या रजेवर आला होतास, आठवतं? आल्या आल्या वर्दी माझ्या अंगावर फेकलीस, म्हणालास, "ताई, याला कांद्याचा वास येतो, बघ जातो का." आणि झोपलास तो सलग अठरा तास. मी वर्दी धुवायला घेतली. आपल्या दुकानाचा नियम तुला मी काय सांगू! कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते कागदी पाकिटात घालायचं, वर कपड्याचा नंबर टाकायचा, आणि कपड्याबरोबर परत करायचं. खिशातलं वाचायचं नाही, हुंगायचं नाही, ठेवायचं नाही. या दुकानातून प्रेमपत्रं गेली, औषधाच्या चिठ्ठ्या गेल्या, एकदा कुणाची कवळी गेली, पण कशाचाही बभ्रा झाला नाही. बाबांनी चाळीस वर्षं हा नियम पाळला. मी अकरा वर्षं पाळला.

तुझ्या वरच्या खिशात सहा कागद होते, सेफ्टी पिनने टोचलेले. मी ते वाचले.

छापील फॉर्म होते ते, उद्याच्या जेवणाची मागणी करायचे. बटाटे इतके, पाव इतके, मीठ इतकं. सगळ्यात वर ओळ: "उद्या जेवायला किती?" आणि पुढे चौकोन. पहिल्या कागदावर तू १४२ लिहून खोडलं होतंस. मग ११७ लिहिलं होतंस. मग तेही खोडून परत १४२. पुढच्या पाचही कागदांवर खाडाखोड नाही, सरळ १४२. तिसऱ्यावर लाल शाईत कुणा साहेबाचा शेरा होता, "माणसे ११७ असताना अन्न कोणासाठी?" आणि खाली तुझं अक्षर, "येतील."

आणि मागच्या कोऱ्या बाजूला ती न परतलेली पंचवीस माणसं. नाव एकाचंही नाही. कोपऱ्यात बसून मीठ मागणारा. गरम सूप फुंकर न मारता पिणारा आणि रोज तोंड भाजून घेणारा. पावाची कड काढून ताटलीत गोल मांडून ठेवणारा चष्मेवाला. दुसऱ्यांदा वाढून घेताना "मित्रासाठी" म्हणणारा. तू त्यांना जेवणावरूनच ओळखत होतास.

मी मशीनच्या समोर स्टुलावर बसून ते कागद चार वेळा वाचले. मशीन नाचत होती, आणि मला रडू येत होतं. खरं तेच सांगते, रडता रडता माझी बोटं स्टुलावर ताल धरत होती. त्या वेळी मला माझी लाज वाटली. पण बोटं थांबली नाहीत.

निघताना तू वर्दी चढवलीस, खिसा चाचपलास आणि विचारलंस, "ताई, खिशात काही होतं का गं?" मी म्हणाले, "नाही बाबा, रुमाल होता तेवढा." तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि गेलास.

तर हे माझं पहिलं पाप. दुसरं याहून वाईट आहे, पण मध्ये थोडं गंमतीचं येऊ दे.

तुझ्या कागदांवरचे शब्द घेऊन मी गाणं बांधलं. पहिल्यांदा आम्ही ते शाळेच्या सभागृहात वाजवलं, बक्षीस समारंभानंतर. मुख्याध्यापकांना वाटलं होतं की भूगोलाचं काहीतरी असेल. बाबा हातगाडीवर माझे ड्रम घालून आले होते, आणि कानात कापसाचे बोळे घालून पहिल्या रांगेत बसले होते. मास्तरीणबाईंनी कडवी म्हटली, घड्याळजीनं अशी काही गिटार वाजवली की मागची खिडकी थरथरली. मग सगळं थांबवून मास्तरीणबाई नुसत्या बोलल्यासारखं म्हणाल्या, "सांगा साहेब, उद्या जेवायला किती?" तिथे दोन ठोके शांतता ठेवायची असं ठरलं होतं. त्या शांततेत बाबा, कानात बोळे असल्यामुळे नेहमीच्या दुप्पट आवाजात, ओरडले, "किती म्हणजे? सगळे!"

लोक आधी हसले. मग कुणीतरी मागून "सगळे!" म्हणालं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. पुढच्या वेळी ती ओळ आली तेव्हा सगळं सभागृह ओरडलं. ज्यांची पोरं लढाईवर होती त्या बाया उभ्या राहून ओरडत होत्या. त्या दिवसापासून ती जागा लोकांची झाली, आम्ही नुसते थांबतो. बाबांना वाटतं गाणं त्यांनीच लिहिलं.

आणि बघ, लिहिण्यावर आलेच मी.

"शब्द कुणाचे?" त्याच दिवशी घड्याळजीनं विचारलं होतं. मी म्हणाले, "सुचले." तू वर्दीत होतास. तुझं नाव फुटलं असतं तर तुला उचलून आत टाकलं असतं, ही काळजी खरी होती. आईशपथ खरी होती. दोनदा पोलीस येऊन विचारून गेले, दोन्ही वेळा मी छाती पुढे काढून म्हणाले, मी लिहिलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

पण मग गेल्या जूनमध्ये लढाई थांबली. तू सुखरूप परत आलास. दोन दिवस घरी राहिलास, एक अक्षर बोलला नाहीस, आणि हॉस्पिटलातली नोकरी धरून निघून गेलास. आता तुला कुणी हात लावणार नव्हतं. तरी मी गप्पच. हिवाळ्यात गाणं रेडिओवर लागलं, "शब्द आणि ड्रम" म्हणून माझं नाव घेतलं गेलं. रस्त्यात लोक थांबवून हात हातात घ्यायचे. एका बाईनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "माझ्या मनातलं लिहिलंस गं." मी म्हणाले, "थँक्यू."

थँक्यू म्हणाले मी, बारक्या! ते आठवलं की अजून कान तापतात. काळजीचं निमित्त कधीच संपलं होतं. मला आवडायला लागलं होतं, एवढंच. अकरा वर्षं लोकांचे मळके कपडे धुतल्यावर कुणीतरी माझे हात हातात घेत होतं. आणि फेब्रुवारीपासून तुझी पत्रं बंद झाली तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू ते ऐकलंस. कळलंही होतं.

परवा रविवारी लढाई थांबल्याला वर्ष झालं म्हणून फुटबॉलच्या मैदानावर सकाळी कार्यक्रम होता. चार हजार माणसं. ऊन मी म्हणत होतं. गाण्याची पाळी आली आणि मी ड्रम सोडून पुढे चालत गेले. मास्तरीणबाई कुजबुजल्या, "काय झालं? ड्रम फुटला?" मी त्यांच्या हातातला माइक घेतला. वाटलं, मशीनसारखी मीच हातभर पुढे सरकतेय.

म्हणाले, "हे गाणं मी लिहिलेलं नाही. माझ्या धाकट्या भावानं लिहिलंय. तो फौजेत आचारी होता. मी त्याच्या खिशातून चोरलं, आणि वर माझं म्हणून मिरवलं." तुझं नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट पूर्ण. सहा कागदांचं सांगितलं. सहा दिवस तू १४२ जणांचं रांधत राहिलास ते सांगितलं.

चार हजार माणसं गप्प बसली की कसं वाटतं, देव करो आणि तुला कधी न कळो. मग डावीकडून एक जाडजूड बाई ओरडली, "मग आता वाजवा की!" आणि बारक्या, आम्ही जे वाजवलं, तसं जन्मात वाजवलं नव्हतं. घड्याळजीची तार तुटली, तो उरलेल्या पाचांवर वाजवत राहिला. "सगळे!" असं काही आलं की गोलपोस्टवर चढलेली पोरं खाली उतरली. एकदा नाही, तीनदा म्हणावं लागलं. मी रडत होते, हसत होते, ड्रम बडवत होते. इतका आनंद मला त्या गाण्यानं वर्षभरात एकदाही दिला नव्हता.

खाली उतरल्यावर मास्तरीणबाई तासभर माझ्याकडे पाठ करून बेसच्या तारा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "नकाशा चुकीचा छापला तर मागे घेऊन नवा छापतात. आपणही तेच करू." तेव्हा आमच्या गाण्याच्या तबकडीची नवी कव्हरं छापायची आहेत, त्यावर शब्दांखाली तुझं नाव येईल, तू हो म्हणालास तर. तू नको म्हणालास तर नाव नाही, आणि गाणंही नाही. तिघांनीही हे मान्य केलंय. बाबा एवढंच म्हणाले, "चोरी कबूल करायला चार हजार माणसं लागली तुला? घरात मी एकटा होतो की."

आता तिसरं. इथवर वाचून तू पत्र चुरगाळलं नसशील तर उलगडूनच धर, आणि कुठेतरी बस.

१९ मेला, तुझं कार्ड आलं त्याच आठवड्यात, रेडिओ स्टेशननं माझ्या नावे आलेलं एक पत्र इकडे पाठवलं. लिहिणारा म्हणत होता, "ड्रमवाल्या बाई, मी पावाची कड काढून गोल मांडतो हे तुम्हाला कसं ठाऊक? हे फक्त आमच्या आचाऱ्याला ठाऊक होतं. तो कुठे आहे? मला त्याचं नावही माहीत नाही, आम्ही सगळे त्याला आचारीच म्हणायचो. वर्षभर शोधतोय."

बारक्या, चष्मेवाला जिवंत आहे.

तो मेला नव्हता. धरला गेला होता. सुटल्यावर सात महिने हॉस्पिटलात होता. तुमची तुकडी तोवर मोडली होती, आणि फौजेच्या ऑफिसात स्वयंपाकघरातल्या माणसांची यादीच कुणी जपली नव्हती.

आणि मी ते पत्र एकोणीस दिवस गल्ल्याच्या खणात ठेवलं. त्याला उत्तर द्यायचं तर तुझं नाव सांगावं लागणार, नाव सांगायचं तर सगळं उघडं पडणार. रोज सकाळी खण उघडायचे, पत्र बघायचे, बंद करायचे. तू तिकडे त्याला मेलेला धरून बटाटे सोलत होतास, आणि मी इकडे खण लावून बसले होते. खिशातून कागद घेणं तू एक वेळ पोटात घालशील. हे एकोणीस दिवस घालशील का, मला माहीत नाही. मी स्वतः घालू शकलेली नाही.

ही बातमी पहिल्या ओळीत लिहायला हवी होती, हे मलाही कळतं. पण ती वाचून तू आनंदानं वेडा झाला असतास, आणि त्या भरात मला पुढचं काही न वाचताच माफ करून टाकलं असतंस. तू आहेसच तसा. मला तशी फुकटची माफी नको होती. माझा अपराध तू डोकं ताळ्यावर असताना वाचावास आणि मग काय ते ठरवावंस, म्हणून हा सगळा पाल्हाळ.

काल सकाळच्या बसनं मी त्याच्या गावी गेले. तीन तासांचा रस्ता. दार त्यानंच उघडलं. काठी आहे हातात, पण रंग चांगला आहे, आणि बडबड तर विचारू नकोस. त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, मग चष्मा काढून पुसत बसला, मग मला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. मला ते घेणं भाग होतं, मी घेतलं. त्यानंतर म्हणाला, "चला, निघू या." पिशवी भरायला त्याला पाच मिनिटं लागली नाहीत.

आत्ता तो इथे आहे. इस्त्रीच्या टेबलाशी बसून बाबांबरोबर जेवतोय. मघाशी त्यानं पावाची कड काढून ताटलीत गोल मांडली. बाबा म्हणाले, "आमच्या घरात कड खातात." तो म्हणाला, "काका, मला मारायचा खूप जणांनी प्रयत्न केला, कड कुणालाच खायला लावता आली नाही." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई गेल्यापासून या टेबलाशी एवढं हसू मी ऐकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं तुझ्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी येतोय. तो आत येईल. मी बाहेर थांबेन. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर संध्याकाळच्या बसनं परत फिरेन, आणि तुझा राग धरणार नाही.

तुझे सहा कागद त्याच्याबरोबर देतेय. खालची जागा त्याच्यासाठी सोडली आहे, मघापासून पेन मागतोय.

तुझी, अजून असले तर,
ताई


आचारी,

मी चष्मेवाला. चष्मा नवा, डोळे जुनेच.

मला मेलेला धरून कडवं लिहिलंस आणि त्यात लिहिलंस काय, तर पावाची कड! अरे, मी चांगली शिट्टी वाजवायचो. तुझं काम हलकं व्हावं म्हणून एकदा पोतंभर कांदे सोलून दिले होते. त्यातलं काही सुचलं नाही तुला?

आम्ही तिकडे नऊ जण एका खोलीत होतो. नऊही परत आलोत. सूपवाला आहे, अजून तोंड भाजून घेतो. "मित्रासाठी" म्हणणाराही आहे. मिठवाला नाही रे. त्याचं मी समोर आल्यावर सांगेन, पत्रात नाही.

तुझ्या ताईला जे बोलायचं ते मी काल बोललो. तू काय बोलायचं ते तू ठरव, पण तिला दाराबाहेर उन्हात उभी करून बोलू नकोस. तिनं मला तुझे कागद दाखवले. पहिले सहा दिवस आमची समजूत अशी होती की मागे कुणी आमची वाट बघत नाहीये. मी एकट्यानंच नाही, नऊही जणांनी तसं धरलं होतं. त्याच सहा दिवसांत तू आमचं रांधत होतास. हे काल, लाँड्रीच्या दुकानात, एका पिवळ्या फॉर्मवर वाचलं. मग बसून परत वाचलं.

बाकीच्या आठांना पत्रं टाकली आहेत.

सही काय करावी सुचत नाही. तू सकाळी वाढायच्या आधी दारात उभा राहून एकेकाला त्याच्या खोडीवरून हाक मारायचास, तेव्हा जे म्हणायचो तेच लिहितो.

हजर.